अळूचं विशेषण

ज्या वनस्पतीच्या नावातच ती खाण्याजोगी असल्याचं लिहिलेलं आहे, तीच वनस्पती मी सलग चार महिने ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत होते. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, बटाट्याच्या सालींखाली दडपून, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून. आणि टाकणारी मी कोण, तर बत्तीस वर्षं पुण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई.

अळूचं शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा विशेषण. लॅटिनमध्ये एस्का म्हणजे अन्न, आणि त्याला 'उलेंटस' ही शेपटी जोडली की 'त्याने भरलेलं' असा अर्थ होतो. अन्नाने भरलेलं, म्हणजेच खाण्याजोगं. हे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे रूप बदलतं, आपल्याकडे पांढरा, पांढरी, पांढरं होतं तसंच. भेंडी लॅटिनमध्ये पुल्लिंगी, म्हणून तिच्या नावात एस्क्युलेंटस. अळू स्त्रीलिंगी, म्हणून एस्क्युलेंटा. टोमॅटो नपुंसकलिंगी, म्हणून एस्क्युलेंटम. मी तिन्ही नावं फळ्यावर लिहायची आणि म्हणायची, "आता आपलं बघा. ती भेंडी, ते अळू, तो टोमॅटो. तिघांत एकाचंही जुळत नाही." मुलं दरवर्षी हसायची आणि मी दरवर्षी हा विनोद आत्ताच सुचल्यासारखा करायची. पुढे पुस्तकांत टोमॅटोचं शास्त्रीय नाव बदललं आणि त्याचं विशेषण काढून घेतलं. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की एकदा दिलेलं प्रमाणपत्र असं परत घेता येत असेल, तर बाकीच्यांचं तरी काय खरं? पण परीक्षेला ते येत नव्हतं, म्हणून मी तो विचार तिथेच सोडला.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या घालून घालून माझी नजरच तशी झाली असं माझा मुलगा म्हणतो. मला वाटतं, नजर आधीपासूनच तशी होती, नोकरीने तिला फक्त पगार दिला. दुधाची पिशवी मी आधी उजेडात धरून बघते. 'ताजं आहे' असं कुणी न विचारता सांगितलं की ते शिळं आहे असं धरून चालते.

बेंगळुरूला आम्ही आलो ते माझ्या यजमानांच्या आजारपणामुळे. त्यांना मी आयुष्यभर 'अहो' म्हणत आले, म्हणून इथेही मी त्यांना 'हे' असंच म्हणणार आहे. यांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया पुण्यात झाली, ती चांगली झाली, पण त्यानंतर यांची अन्नावरची वासनाच उडाली. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि पाण्याचा पेला उचलायचे. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, सर्जापूर रोडवरच्या एका संकुलात नवव्या मजल्यावर त्यांचं घर. मुलाने आम्हाला उचलूनच आणलं. इथल्या डॉक्टरांनी यांना काट्यावर उभं केलं, एकोणपन्नास किलो. ते म्हणाले, "आणखी दोन किलो उतरलं, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल." मग जाता जाता म्हणाले, "आवडेल ते खाऊ द्या. स्वच्छता मात्र पाळा."

यातलं 'आवडेल ते' मी तिथेच विसरले आणि 'स्वच्छता' तेवढी घेऊन घरी आले.

त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर म्हणजे माझी प्रयोगशाळा झालं. भाजी मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात. तिचा रंग, वास, चव सगळं गेलं की मी ती यांना वाढायची. यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येक घास डोळ्यांनी मोजायची. "एवढंच? कालच्यापेक्षा कमी खाल्लंत." दर रविवारी सकाळी वजन. अठ्ठेचाळीस किलो सातशे. अठ्ठेचाळीस तीनशे. सत्तेचाळीसचा आकडा मला झोपेतसुद्धा दिसायला लागला होता. यांच्या नाकात नळी घातलेली मला बघवणार नव्हती, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दुसरं काही माझ्या मनात नव्हतंच.

अशात एक दिवस लिफ्टमध्ये मी यांच्यावर मराठीत चिडत असताना शेजारी उभ्या असलेल्या बाई एकदम वळल्या. सत्तरीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकू, कानात मोठ्या कुड्या.

"तुमी मराठी की?" त्या म्हणाल्या. "आमीबी मराठीच."

त्यांचं घराणं तीनचारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं, असं त्यांच्या घरात सांगत आले आहेत. मराठी फक्त घरात उरलेली, तीही अर्धीमुर्धी कन्नड. सगळी इमारत त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागले. यांना त्या पहिल्याच दिवशी 'अण्णा' म्हणाल्या आणि मला, मी शिकवत होते हे कळल्यावर, 'टीचर'. दुसऱ्या दिवशी दारात हजर. हातात स्टीलचा डबा, डब्यात केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने बांधलेली अळूच्या पानांची जुडी.

"घरचं केसू आहे. अण्णाला करून घाला. चिंच स्वल्प जास्तच टाका, सरी?"

केसू म्हणजे कन्नडमध्ये अळू, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं. यांचे डोळे चमकले ते मी पाहिलं. पुण्यात लग्नाच्या पंगतीत अळूचं फदफदं आलं की हे जिलबी सोडून त्याच्या तीन वाट्या घ्यायचे. पण मी पाहिलं ते वेगळंच. घरचं? चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घरचं अळू कुठून येणार?

उत्तर मला चार दिवसांत मिळालं, किंवा मिळालं असं वाटलं. सकाळी सात वाजता आमच्या गॅलरीतून पाहिलं तर अक्का हातात कापडी पिशवी घेऊन संकुलाच्या मागच्या तळ्याकडे निघालेल्या. त्या तळ्यात आजूबाजूच्या इमारतींचा नाला येऊन मिळतो. पाण्यावर कधीकधी साबणासारखा फेस असतो. आणि त्या नाल्याच्या काठावर, मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, कमरेइतकं अळू माजलेलं होतं. अळू चिखलातलं सगळं ओढून घेतं, हे मी बत्तीस वर्षं शिकवलं होतं. शिसंसुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर तो डबा, तो नाला आणि यांचं पोट अशी एक सरळ रेघ ओढली गेली.

नको म्हणायला जीभ रेटली नाही. एवढ्या मोठ्या गावात दाराशी येऊन मराठी बोलणारं ते एकच माणूस होतं. म्हणून मी पानं घ्यायची, गोड हसायची आणि अक्कांची पाठ वळली की बादलीचं झाकण उघडायची. गुंडाळायला पुण्याहून आणलेली जुनी मराठी वर्तमानपत्रं होती. फळ्यांवर घालायला मी त्यांचा एक गठ्ठाच ट्रंकेतून आणला होता. सुनेला ते पाहून हसू आलं होतं.

पण रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे आमच्याकडचं वळण. शेजारचं भांडं परत जाताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी जायलाच हवी. म्हणून मी दर आठवड्याला डबा घासून त्यात काहीतरी भरायची. कधी चिवडा, कधी दाण्याचे लाडू. आणि डबा हातात देताना म्हणायची, "अळूवड्या काय सुरेख झाल्या! यांनी चार खाल्ल्या." अक्का मान हलवायच्या, चिवड्याचा दाणा तिथेच तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, "सरी, सरी." पुढच्या आठवड्यात पुन्हा जुडी.

ही बाई का देते आहे, हा प्रश्न मला पोखरायला लागला. फुकट कुणी एवढं का देईल? मुलाच्या ओळखीने हिला नातवासाठी नोकरी हवी असेल? संकुलाच्या समितीच्या निवडणुकीत मत? एका दुपारी वनस्पतींच्या नावांचा माझा जुना कोश काढला आणि एस्का पाहिलं. अन्न, हे तर होतंच. खाली दुसरा अर्थ होता, गळाला लावायचं आमिष. मी पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि 'उलेंटस'वाली बाकीची भावंडं शोधली. व्हिरुलेंटस, विषाने भरलेलं. फ्रॉड्युलेंटस, लबाडीने भरलेलं. टर्ब्युलेंटस, गोंधळाने भरलेलं. एकाच शेपटीची ही सगळी मंडळी, आणि त्यांच्यात आमचं एस्क्युलेंटस मानभावीपणे बसलेलं. हसू नका, पण मला ते त्या दिवशी पुराव्यासारखं वाटलं.

एकीकडे हे चाललेलं असताना रविवारचा काटा मला चक्रावून टाकत होता. वजन उतरायचं थांबलं होतं. पहिल्या महिन्याच्या शेवटी अठ्ठेचाळीस तीनशे, पुढच्या रविवारी अठ्ठेचाळीस पाचशे, मग सरळ एकोणपन्नास. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण एक मिनिटभर. हा माणूस घरी खातो काय, तर मऊभाताचे चार चमचे. वजन वाढतं कुठून? मी काट्याचे सेल बदलले. मग काट्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून पाहिली, काटा बरोबर पाच दाखवत होता. मग मला वाटलं, हे मला बरं वाटावं म्हणून खिशात काहीतरी घालून उभे राहतात. पुढच्या रविवारी मी यांना बनियन आणि पायजम्यावर उभं केलं आणि पायजम्याचे खिसे उलटे करून पाहिले.

"आता दातही काढून ठेवू का?" हे म्हणाले. पन्नास किलो भरले.

तेवढ्यात चिंचेची बरणी उतरायला लागली. मी आमटीत घालते त्या मानाने ती निम्मी व्हायचं काही कारण नव्हतं. घरात चिंच कोण चोरून खाईल? उत्तर मला एका क्षणात सुचलं आणि मी सुनेकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. आठवडाभर तिला बसल्या जागी दूध दिलं, जिना उतरू नकोस म्हटलं, लिफ्ट असलेल्या घरात. शेवटी ऑफिसच्या कॅबसाठी निघताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला जे वाटतंय ना, तसं काहीही नाहीये. प्लीज." म्हणजे चिंच तिने खाल्ली नव्हती. मुलगा चिंचेला शिवत नाही. राहिले हे.

त्या दिवशी दुपारी हे फिरून आले आणि मी दाराआड उभी राहून पाहिलं. स्वयंपाकघरात आले, बरणी उघडली, चिंचेचं बोटूक तोंडात टाकलं आणि घसा खाकरला. दोनदा, तीनदा. खाजऱ्या घशाचं ते खाकरणं मला पाठ होतं. अळूच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, आंबटात नीट शिजले नाहीत तर ते घशाला टोचतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मी किती मुलांना दाखवले असतील! माझ्या घरात अळू शिजत नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याचा घसा अळूने खाजत होता.

हे रोज अकरा वाजता खाली बागेत फेऱ्या मारायला जात आणि बाराला येत. दुसऱ्या दिवशी यांच्यामागे दार लागलं तशी मी बाहेर जाऊन लिफ्टसमोर उभी राहिले. वरचा लाल आकडा उतरत होता. आठ, सात, सहा, पाच, चार. चारवर थांबला आणि तिथेच राहिला.

मी जिन्याने उतरले. पाच मजले, गुडघे कुरकुरत असताना. अक्कांचा मुलगा आणि सून कामावर जातात, घरात दिवसभर त्या एकट्याच. दार सताड उघडं, नुसती जाळी लोटलेली. आत जमिनीवर पाट मांडलेला, पाटावर माझा नवरा मांडी घालून बसलेला. शस्त्रक्रियेनंतर मी यांना खाली बसूच दिलं नव्हतं. समोर ताट, ताटात भाताचा ढीग आणि त्यावर हिरवंगार फदफदं, कोपरापर्यंत ओघळ. हे बोटं चाटत होते. शेजारी जमिनीवर एक वर्तमानपत्राचा चुरगळलेला, पिवळट डागांचा तुकडा सरळ करून ठेवलेला, आणि हे एक घास खाऊन एक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होते. समोर अक्का हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

तो तुकडा माझा होता. माझ्या बादलीतला.

खोटं कशाला सांगू, आधी मला राग आला. संतापच. मग मत्सर वाटला, या वयात, सत्तरीपुढच्या बाईचा. चार महिने मी ज्या घासासाठी जिवाचं रान केलं, तो हे दुसऱ्याच्या घरी बकाबका खात होते. मी जाळी ढकलली.

यांचा हात ताटावरच थांबला. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलाचा चेहरा मला नवा नव्हता, पण तो यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"या टीचर, बसा. ताट घेऊ?"

"हे नाल्याकाठचं अळू आहे," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "तुम्ही सकाळी पिशवी घेऊन तळ्यावर जाता, मी पाहिलंय. माझा माणूस आजारी आहे, अक्का!"

"तळ्यावर देवाला फुलं आणायला जाते की. कण्हेर आहे तिथं." त्या उठल्या, माझ्या हाताला धरलं आणि मला लिफ्टने थेट गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे पाण्याच्या टाकीच्या सावलीत सिमेंटचे चार हौद होते. त्यांत अळू, गुडघ्याइतकं, स्वच्छ, पानांवर पाण्याचे मणी. हौदात काळीभोर माती. "पाणी माझ्या स्वयंपाकघराचं, तांदूळ धुतलेलं. खत आपल्याच इमारतीचं. कचरा मीच बघते ना खाली."

आमच्या इमारतीच्या ओल्या कचऱ्याचं खत होतं हे मला माहीत होतं. रोज सकाळी बादल्या रिकाम्या झाल्या की त्यातलं न कुजणारं वेचून काढायचं काम कोण करतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तुमची पानं सगळी या हौदातच परत आली," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा शोधून मी थकले, तो नव्हताच. "पेपर तेवढा काढत जा. कुजायला लई वेळ घेतो. आन् मराठी पेपर इथं दुसऱ्या कुणाच्या घरी न्हाई की."

पुढचं खाली येऊन यांनी सांगितलं, मान खाली घालून. अक्का मराठी बोलतात, पण शाळा कन्नडमधली, मराठी वाचता येत नाही. बादलीत पहिली पुडी सापडली तेव्हा त्यांनी पानं ओळखली आणि कागद धुऊन वाळवला. एवढी वर्षं घरात जी भाषा बोलली, ती छापलेली कशी दिसते हे त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. बागेत हे फेऱ्या मारत होते, यांना तो कागद दाखवून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प वाचा की हे." यांनी कागद पाहिला, वरची तारीख पाहिली, मधला हिरवा डाग पाहिला आणि सगळं समजले. वाचायला वर गेले. वर फोडणीचा वास होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू समोर बसून बघतेस गं. मी घास घेतला की तुझ्या तोंडावर मला ती नळी दिसते. घास खाली जात नाही माझा." अक्कांकडे बोट दाखवून म्हणाले, "या बघत नाहीत. या ऐकतात."

मला रडू आलं. मी तिथेच, परक्याच्या घरात, पाटाशेजारी बसून रडले. जी नळी मला टाळायची होती ती मीच रोज दोन्ही वेळा यांच्या ताटाशी घेऊन बसत होते, याची मला लाज वाटली. अक्कांनी पाणी दिलं. मग मी त्यांना विचारलं, आणि माझा स्वभाव बघा, तेव्हाही विचारलंच, "मी टाकतेय हे कळूनही तुम्ही देत का राहिलात?"

"पानं तर दर आठवड्याला निघतातच," त्या म्हणाल्या. "आन् तुमी डबा कधी रिकामा नाही दिला. मनात वाईट असतं तर रिकामा दिला असता की."

माझ्या मनात काय काय होतं ते मला ठाऊक होतं.

त्या दुपारी घरी आल्यावर मी पुन्हा त्या विशेषणाचा विचार केला. एस्क्युलेंटा. अळू काही जन्मतः खाण्याजोगं नाही. कच्चं खाल्लं तर घसा सोलून काढतं. मग हे विशेषण आलं कुठून? लॅटिनच्या कितीतरी आधी, कुठल्या तरी काठावर कुणीतरी ते खाल्लं असणार, घसा धरून बसलं असणार, पुन्हा शिजवून, आंबट घालून खाल्लं असणार. आणि मग शेजारणीला सांगितलं असणार, की घे, मी खाऊन पाहिलंय. कोशात ते फार नंतर गेलं. बत्तीस वर्षं मी फळ्यावर त्या विशेषणाची लिंगं लिहीत राहिले आणि ज्या बाईने खाऊन पाहिलं तिच्यावर एक आठवडासुद्धा विश्वास ठेवू शकले नाही.

पुढच्या आठवड्यात जुडी आली. मी ती धुतली. फक्त दोनदा. चण्याची डाळ आणि शेंगदाणे भिजत घातले, देठं सोलली, चिंच कोळली, गूळ चिरला. आणि तरीही, खरं सांगते, बारा पानांपैकी चारच घेतली. उरलेली फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. आज चार, काही झालं नाही तर उद्या आठ. स्वभाव एका दिवसात जात नाही.

यांचं ताट मी जमिनीवर वाढलं. पाट नव्हता, सतरंजीची घडी घातली. वाटीभर फदफदं, भात, वर तूप. समोरची खुर्ची उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली, तोंड रस्त्याकडे करून. खाली सर्जापूर रोडवर कॅबची रांग लागली होती, मी एकेक गाडी मोजायला लागले. पाठीमागे बराच वेळ काही आवाज नव्हता. मान वळवायची इच्छा मला इतकी झाली की मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग भुरका ऐकू आला. मग दुसरा. मग वाटी ताटावर घासल्याचा आवाज.

"अगं," हे आतून म्हणाले. "आणखी आहे का?"

नव्हतं. पातेलं मी निपटून वाढलं होतं. एका माणसाला कसंबसं पुरेल एवढंच मी भीत भीत केलं होतं, आणि आठ पानं फ्रिजमध्ये पडून होती. ती शिजायला अर्धा तास लागला असता. सहा महिन्यांत यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि अर्ध्या तासात ती भूक निघून गेली तर?

"आहे," मी म्हणाले. "आलेच."

ओट्यावर अक्कांचा डबा घासून उपडा घातलेला होता, त्यात भरायचे लाडू अजून वळायचे होते. मी तो तसाच उचलला. जिना उतरताना तो माझ्या बांगड्यांवर वाजत होता. चौथ्या मजल्यावर जाळी लोटलेली होती, आत अक्का भात वाढून घेत होत्या. मी रिकामा डबा पुढे केला.

"अक्का, अळू आहे का थोडं?" मी म्हणाले. "यांना अजून हवंय."